पंचगंगेचं पाणी एकाच वहीत मांडता येईल का? उपग्रह, मॉडेल आणि आपल्या विहिरी

कुंभीकाठ

नमस्कार मंडळी,

आपल्या जिल्ह्यात पाण्याचे दोन हिशेब आहेत. धरणात किती टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर किती फूट, हा पहिला. तो रोज पेपरात येतो. विहिरी-बोअरला किती पाणी, हा दुसरा, आणि तो गावात कुणी मांडत नाही. दोन हिशेब दोन खात्यांकडे आहेत, पाणी मात्र एकच आहे. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की काठच्या विहिरी चढतात, उपसाबंदी लागली की उतरायला लागतात. नदीकाठच्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. तरी जिल्ह्याच्या नियोजनात हे नातं कुठंच आकड्यात दिसत नाही, याची मला मनापासून खंत आहे. म्हणून हा धागा.

मी करवीर तालुक्यातला. शिक्षण स्थापत्यचं, काम उपग्रह चित्रांचं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीच्या उगमापासून नृसिंहवाडीच्या संगमापर्यंत पंचगंगा खोऱ्याचं एक खुलं जलविज्ञान मॉडेल उभं करायचं आहे. खुलं म्हणजे त्यातले आकडे, आज्ञावली, निकाल, चुका सगळं कुणालाही बघता येईल.

त्यासाठी लागणारं बरंच काही आज मोफत आहे. लँडसॅटची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून फुकट मिळतात. युरोपचा सेंटिनेल-२ दहा मीटरचा तुकडा दाखवतो आणि दर पाच दिवसांनी येतो. एप्रिल-मे मध्ये जे रान हिरवं दिसतं ते आपल्याकडे बहुतेक उसाचं असतं, त्यामुळे उसाचं क्षेत्र बऱ्यापैकी काढता येतं. लँडसॅटला जमिनीची उष्णता मोजणारा पट्टाही आहे. पाणी मिळालेलं पीक पानांतून वाफ सोडतं आणि थंड राहतं, तहानलेलं तापतं. त्या फरकावरून बाष्पोत्सर्जन, म्हणजे पिकानं आणि मातीनं हवेत सोडलेलं पाणी, शेताशेताचं काढण्याच्या पद्धती आता चांगल्या रुळल्या आहेत. पावसासाठी २०१४ मध्ये सोडलेला जीपीएम उपग्रह आहे, दर अर्ध्या तासाचे आकडे देतो. जमिनीच्या उंचीसाठी २००० सालच्या अवकाशयानाच्या फेरीत मोजलेला एसआरटीएम नकाशा आहे.

हे सगळं जोडायला स्वॅट नावाचं मॉडेल वापरणार आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी बनवलेलं, मोफत. ते खोऱ्याचे उपखोरे पाडतं, प्रत्येकात माती, उतार आणि पीक यांचे गट करतं, आणि रोजचा हिशेब मांडतं: पडलं किती, वाहिलं किती, उडालं किती, मुरलं किती.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे चर्चा तिथूनच सुरू होईल. आकाशातून पाण्याचा खर्च चांगला दिसतो, जमिनीखालची शिल्लक दिसत नाही. शिल्लक कळायला विहिरीत टेपच सोडावा लागतो. त्यामुळे मला इथल्या लोकांकडून तीन गोष्टी हव्या आहेत: विहिरीच्या पाण्याच्या नोंदी, बंधाऱ्यात बरगे घातल्याच्या आणि काढल्याच्या तारखा, आणि उपसा योजनांचे तास. कुणाकडे जुन्या वह्या असतील तर त्याही चालतील.

मळीरान

दादा, चांगला विषय काढला. पण तुम्ही पाणी कमी पडायचं बोलताय, आमच्याकडं उलटं आहे. आम्ही शिरोळ तालुक्यातले. पाऊस जिल्ह्यात सगळ्यात कमी आमच्याकडंच, पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तरी विहीर मे महिन्यातसुद्धा वरपर्यंत. काळ्या रानात खड्डा काढला तर पुरुषभर खोलीच्या आत पाणी लागतंय. वडिलांच्या काळात जिथं शाळू आणि हरभरा निघायचा तिथं आता पांढरं मीठ फुटलंय. ऊस लावला तर गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडतोय.

हे तुमच्या उपग्रहाला दिसतं का? आणि दिसलं तर त्याचा आम्हाला उपयोग काय?

कुंभीकाठ

दिसतं, पण उशिरा दिसतं. एप्रिल-मे मध्ये मोकळ्या रानावर आलेला क्षाराचा पापुद्रा सेंटिनेलच्या चित्रात चकाकतो. मात्र तोपर्यंत जमीन गेलेली असते. त्याच्या आधीची पायरी, म्हणजे उसाची वाढ खुंटलेली, तीही दिसते. पण ऊस खतानं खुंटलाय, हुमणीनं खुंटलाय की क्षारानं, हे चित्र सांगत नाही. आणि मुळाखाली पाणी किती जवळ आलंय हे तर कुठलाही कॅमेरा सांगू शकत नाही.

कारण तुम्हाला माहीत आहेच, पण इतरांसाठी लिहितो. पिकाला लागतं त्यापेक्षा जास्त पाणी पाजलं, माती जड काळी, उतार जवळजवळ नाही, निचऱ्याला वाट नाही. पाण्याची पातळी दीड-दोन मीटरच्या आत आली की मातीच्या बारीक छिद्रांतून ते वर चढायला लागतं. वर येऊन पाणी उडतं आणि त्यातलं मीठ मागं राहतं. म्हणजे तुमच्याकडचं भूजल हे आकाशातून पडलेलं कमी आणि नदीतून उचलून रानात सोडलेलं जास्त आहे.

उपयोग विचारलात. जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून निचरा करणं हाच खरा इलाज, आणि शिरोळमध्ये तशी कामं झालेली आहेत. पण एकट्याच्या दोन एकरात पाईप घालून भागत नाही, कारण शेजारच्या रानाचं पाणी येतच राहतं. कुठल्या पट्ट्यात एकत्र पाईप घालायचे आणि ते पाणी कुठल्या ओढ्याला सोडायचं, हे ठरवायला भूजलाचा नकाशा लागतो. तो उपग्रहावरून होणार नाही, विहिरींवरून होईल. उपग्रह सांगेल की कोणत्या रानात पिकानं किती पाणी उडवलं. पाजलेलं पाणी त्याहून किती जास्त होतं, हे तुमच्या नोंदी सांगतील.

काळाकातळ

मी भूजलाच्या क्षेत्रात नोकरी करून निवृत्त झालो आहे. धागा वाचून आनंद झाला. दोन गोष्टी लिहितो, जरा लांबतील.

भूजल आणि उपग्रह म्हटलं की ग्रेस या जुळ्या उपग्रहांचं नाव निघतं. २००२ मध्ये सोडलेली ती जोडी एकमेकांमागे सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून फिरत होती. खाली वस्तुमान जास्त असलं की पुढचा उपग्रह किंचित आधी ओढला जायचा, अंतर बदलायचं, आणि त्या सूक्ष्म बदलावरून खालच्या पाण्याचं वजन वाढलं की घटलं हे काढता यायचं. ती मोहीम २०१७ मध्ये संपली आणि २०१८ पासून दुसरी जोडी काम करते आहे. राजस्थान, पंजाब, हरियाणात २००२ ते २००८ या काळात १०९ घन किलोमीटर भूजल संपलं, हा प्रसिद्ध निष्कर्ष त्यातूनच आला. आपल्या मापात सांगायचं तर ३,८०० टीएमसीहून जास्त, म्हणजे कोयनेसारखी छत्तीस धरणं. हे काम थोरच आहे.

पण ग्रेसची नजर तीनशे-चारशे किलोमीटरची आहे. तिच्या एका टप्प्यात लाखभर चौरस किलोमीटर मावतात. आपला अख्खा जिल्हा ७,६८५ चौरस किलोमीटर. त्या एका टप्प्यात कोकण येतं, माण-खटाव येतं, बेळगाव-विजापूर येतं. त्यामुळे ‘ग्रेसनुसार कोल्हापूरचं भूजल’ असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नये. तशीच मातीतल्या ओलाव्याच्या उपग्रहांची गोष्ट. ते वरचे पाच सेंटिमीटर बघतात आणि त्यांचीही नजर कित्येक किलोमीटरची असते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे. गंगेच्या मैदानात शेकडो मीटर जाडीचा गाळ असतो आणि त्यात पाणी साठून राहतं. आपल्याकडे पाणी राहतं ते मुरमाच्या थरात, भेगांत आणि दोन लाव्ह्यांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यात. भूजलाच्या सरकारी मूल्यमापनात अशा खडकाचा पाणी सोडण्याचा गुणांक एक ते तीन टक्के धरतात. दोन टक्के धरून चला आणि माझ्याबरोबर हिशेब करा.

एक एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर. एकरभर क्षेत्रात पातळी एक मीटरनं उतरली तर पाणी मिळालं सुमारे ८१ हजार लिटर. उन्हाळ्यात भरात आलेला ऊस रोज सहा मिलिमीटर उडवतो असं धरलं तर एकराला रोज २४ हजार लिटर झाले. म्हणजे पातळी मीटरभर उतरल्यावर जे मिळालं ते ऊस साडेतीन दिवसांच्या आत पिऊन टाकतो.

हा आकडा मी गावोगाव सांगत आलो आहे, कारण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. जी विहीर एप्रिल-मे मध्ये ऊस पोसते, ती पावसाळ्यात मुरलेल्या पाण्यावर पोसतच नाही. तिला नदीचा बंधारा, कालवा किंवा वरच्या रानात पाजलेलं पाणी मागून येत असतं. म्हणून ‘भूजलावर इतका ऊस आणि नदीवर इतका ऊस’ असं वेगळं मोजणं आपल्या खोऱ्यात फसवं आहे. कुंभीकाठ, तुमचं एकाच वहीचं म्हणणं म्हणूनच पटतं.

रंकाळा_वेस

वाचतोय. काळाकातळ सर, तो एकराचा हिशेब आमच्या गावच्या ग्रुपवर टाकला तर चालेल ना?

काळाकातळ

जरूर टाका. फक्त दोन टक्के हा सर्वसाधारण आकडा आहे हे सोबत लिहा. नदीकाठच्या मळीत गाळ असतो, तिथं गुणांक बराच जास्त निघतो.

सड्यावरची

मी शाहूवाडीच्या पश्चिमेला शाळेत शिकवते. तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात ऊस आणि नदी आहे. आमच्याकडे पाऊस मोजायला मोठं भांडं लागेल एवढा पडतो आणि मार्च लागला की वाड्यांवर हंडे घेऊन फिरावं लागतं. झरे आहेत, पण होळीनंतर धार बारीक होते. धरण डोळ्यांसमोर आहे, त्यातलं पाणी खाली जातं. तुमच्या मॉडेलमध्ये आमच्या वाडीचा झरा येणार आहे का? का ‘पश्चिम भाग, पाणी भरपूर’ एवढीच नोंद होणार?

कुंभीकाठ

ताई, मॉडेल आहे तसं चालवलं तर दुर्दैवानं तेवढीच नोंद होईल. वर्षाची सरासरी काढली की गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी सगळं निळंशार दिसतं. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आहे. पण तो चार महिन्यांत पडतो, तीव्र उतारावरून जातो, आणि वरच्या जांभ्या सड्यात जो मुरतो तो झऱ्यांतून लवकर बाहेर पडतो. साठवायला खाली जागाच कमी.

यात उपग्रहाचा खराखुरा उपयोग आहे असं मला वाटतं. फेब्रुवारी-मार्च मध्ये सड्याच्या कडेनं आणि दरीच्या तोंडाशी जे हिरवे ठिपके उरतात, ते दहा मीटरच्या चित्रात ओळखू येतात. दहा वर्षांच्या मार्च महिन्यांची चित्रं एकावर एक ठेवली तर कुठली ओल दर वर्षी टिकते आणि कुठली एखाद्याच वर्षी, हे कळतं. त्यातून झऱ्यांची यादी तयार होईल. पण धार किती, हे मोजायला तुमच्या शाळेतली मुलंच लागतील.

पावसाबद्दल एक सांगायचं राहिलं. घाटमाथ्यावर उपग्रहाचा पाऊस कमी भरतो. तिथले पावसाळी ढग फार उंच नसतात, वारा डोंगराला धडकून वर चढतो आणि पाऊस पडत राहतो. ढगाच्या थंड माथ्यावरून किंवा त्यातल्या बर्फकणांवरून पाऊस ओळखणाऱ्या पद्धतीला हा पाऊस नीट पकडता येत नाही. शिवाय जीपीएमची एक चौकट सुमारे अकरा किलोमीटरची. गगनबावडा ते कोल्हापूर एवढ्या अंतरात चार-पाच चौकटी बसतात आणि तेवढ्यात पाऊस कितीतरी पटींनी घटतो. म्हणून मी मंडळनिहाय महावेध या स्वयंचलित हवामान केंद्रांचे आणि जुन्या पर्जन्यमापकांचे आकडे घेऊन उपग्रहाचा पाऊस दुरुस्त करणार आहे. उपग्रहाचा पाऊस जसाच्या तसा मॉडेलमध्ये घातला तर पुराचा अंदाज कमी येईल आणि झऱ्यांचाही.

आकडेमोड_पुणे

मूळचा गडहिंग्लजचा, सध्या पुण्यात जलविज्ञान मॉडेलचंच काम करतो. तुमचा उत्साह बघून बरं वाटलं, म्हणून स्पष्ट लिहितो.

मॉडेल जुळवताना सगळे नॅश-सटक्लिफ गुणांक देतात. एक म्हणजे तंतोतंत, शून्य म्हणजे मॉडेल न चालवता सरासरी सांगितली असती तरी चाललं असतं. १९७० पासून हे माप चालत आलंय. आपल्या नद्यांवर ते फार लवकर ०.८ च्या वर जातं आणि माणूस खूश होतो. पण जुलै-ऑगस्टचा प्रवाह इतका मोठा असतो की तेवढा जुळला की गुणांक वाढतो. मार्चचा प्रवाह निम्म्यानं चुकला तरी त्याला फरक पडत नाही. आणि आपला प्रश्न तर मार्चचाच आहे. म्हणून उन्हाळी प्रवाह वेगळा तपासा, किंवा प्रवाहाचं लॉगरिदम घेऊन जुळवा.

त्याहून मोठी अडचण अशी की स्वॅटमध्ये फिरवायचे गुणांक ढिगानं आहेत. नदीचा प्रवाह एकच असला तरी वेगवेगळ्या वीस पद्धतींनी तो जुळवता येतो. एकात पाणी जास्त मुरतं आणि जास्त उडतं, दुसऱ्यात दोन्ही कमी. प्रवाह तोच. कुठलं खरं हे कळायला दुसरा साक्षीदार पाहिजे. उपग्रहाचं बाष्पोत्सर्जन इथंच कामाला येतं: प्रवाहही जुळला पाहिजे आणि उसाच्या पट्ट्यातलं उडालेलं पाणीही. तिसरा साक्षीदार विहीर. तिन्ही जुळले तरच मॉडेल दुसऱ्या कुणाला दाखवा.

आणि कोल्हापुरात एक गोष्ट मॉडेलच्या मूळ रचनेत बसतच नाही, ती म्हणजे आपले बंधारे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हा नावानंच इथला. पावसाळ्यानंतर बरगे घालून पात्रात पाणी अडवायचं, पुढच्या पावसाआधी काढायचे. पंचगंगा आणि उपनद्यांवर असे बंधारे एकापाठोपाठ आहेत. उन्हाळ्यात नदी वाहत नसते, ती पायऱ्या-पायऱ्यांनी साठलेली असते आणि धरणातून सोडलेलं पाणी त्या पायऱ्या भरत खाली येतं. स्वॅटला नदी म्हणजे वाहणारी गोष्ट वाटते. प्रत्येक बंधारा छोटा जलाशय म्हणून घाला आणि त्याची क्षमता तारखेनुसार बदला. त्या तारखा सेंटिनेलच्या चित्रांत पात्राच्या रुंदीवरून अंदाजे निघतात, पण पाटबंधारे शाखेच्या नोंदवहीला तोड नाही.

भूजलासाठी मॉडफ्लो जोडणार असाल तर पूर्वेकडच्या सपाट पट्ट्यापुरतंच जोडा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचं ते मॉडेल चौकटी-चौकटीतून पाणी पुढं सरकतं असं धरतं. शिरोळ, हातकणंगल्याला ते चालून जाईल. शाहूवाडीच्या भेगाळ कातळात चौकटीचं गणित आणि प्रत्यक्ष झरा यांचं जुळणार नाही.

कुंभीकाठ

फार मोलाचं लिहिलंत. पूर्वेला जोड-मॉडेल आणि पश्चिमेला झऱ्यांची वेगळी मोजणी, हे आता पक्कं करतो. एकच मॉडेल अख्ख्या खोऱ्याला लावायचा हट्ट सोडायला हरकत नाही, वही एक असली म्हणजे झालं.

पाटकरी

मी उपसा जलसिंचन संस्थेचं काम बघतो. तुम्हाला तास पाहिजेत, बरोबर? तास आमच्याकडं आहेत, वीजबिलं आहेत, कुणाच्या रानाला कुठल्या पाळीत पाणी गेलं ते रजिस्टर आहे. पण सरळ विचारतो, राग मानू नका. उद्या हा नकाशा कुणी अधिकारी घेऊन आला आणि म्हणाला की परवाना एवढ्या एकराचा आणि उपग्रहात ऊस तेवढ्यापेक्षा जास्त दिसतोय, तर सभासदांना मी काय सांगू? संस्था आमच्या आज्या-पणज्यांनी कर्ज काढून उभ्या केल्यात. जॅकवेलपासून (नदीचं पाणी उचलायची विहीर) पाईपपर्यंत सगळं सभासदांच्या पैशानं. पाणी पुरवायचंय, मोजायलाही विरोध नाही. पण मोजलेलं आमच्यावरच उलटू नये.

कुंभीकाठ

राग कसला, हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा होता.

उसाचं क्षेत्र तर आजही कुणालाही दिसतं. ते लपवण्यासारखं राहिलेलं नाही आणि त्यासाठी माझ्या मॉडेलची गरजही नाही. जे दिसत नाही ते म्हणजे संस्थेनं प्रत्यक्षात किती पाणी उचललं. आज नियोजनात ‘एकराला इतकं पाणी’ असा ठोकळ आकडा गुणून तुमचा उपसा ठरवला जातो. तुम्ही ठिबक केलं, पाळी लांबवली, सरी आड पाणी दिलं, तरी कागदावर तुमचा उपसा तेवढाच. नोंद असली तर तुमची बचत दाखवता येते, आणि उपसाबंदीच्या वेळी संस्थेला बोलायला आकडा असतो.

माझ्याकडून शब्द असा: संस्थेचं नाव, सभासदांची नावं, गट नंबर काहीही मॉडेलमध्ये जाणार नाही. एका बंधाऱ्यावरच्या सगळ्या संस्थांची महिन्याची एकत्र बेरीज तेवढी घेईन. तासही नकोत, विजेचे युनिट दिले तरी चालतील. तीस मीटर चढ आणि पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तर एका युनिटमागे सहा हजार लिटरच्या आसपास पाणी वर जातं. त्यावरून मला पुरेसा अंदाज येतो. कच्चे आकडे बाहेर काढण्याआधी तुमच्याकडे तपासायला पाठवीन, आणि तुम्ही नाही म्हणालात तर ते वापरणार नाही.

मळीरान

पाटकरी भाऊ, आमचं रान मिठानं गेलं ते पाणी न मोजता पाजलं म्हणून. आमच्या वरच्या अंगाला उपसा योजना आली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, आम्हालाही झाला. कुणी वाईट केलं नाही. पण किती पाणी रानात चाललंय आणि ते खाली कुठं साठतंय हे त्या वेळी कुणाच्या वहीत असतं, तर चर आधीच काढले असते. तुमच्या खालच्या अंगाला कुणीतरी आहेच की.

पाटकरी

मळीरान, तुमचं म्हणणं टोचलं आणि पटलं. संचालकांच्या बैठकीत विषय ठेवतो. युनिटची बेरीज द्यायला अडचण येऊ नये.

शिरोली_फाटा

सगळं ठीक, पण पुराचं काय? २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर, २०२१ ला ५६ फुटांवर. धोका पातळी ४३. दोन्ही वेळा हायवे बंद, दोन्ही वेळा आमचं दुकान पाण्यात. मॉडेल काढताय तर आधी हे सांगा की खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणामुळे होतं का नाही?

आकडेमोड_पुणे

याचं उत्तर कुंभीकाठ म्हणतात त्या मॉडेलमधून निघणार नाही, कारण प्रश्न वेगळा आहे. स्वॅट रोजचा हिशेब करतं. पुराला तासाचा हिशेब लागतो आणि पाणी पात्राबाहेर कसं पसरतं हे दाखवणारं हेक-रास सारखं मॉडेल लागतं.

आधी वरून येणारं पाणी बघा. पंचगंगेचं खोरं साधारण अडीच हजार चौरस किलोमीटर. त्यावर एका दिवसात सरासरी १०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी झालं पावणेनऊ टीएमसीच्या आसपास. राधानगरी पूर्ण भरलं की ८.३६ टीएमसी. राधानगरीचे सातही स्वयंचलित दरवाजे उघडले, प्रत्येकी १,४२८ क्युसेक (सेकंदाला घनफूट), तर दिवसाला जातं ते पाऊण-एक टीएमसी. म्हणजे धरणाखालच्या मोकळ्या खोऱ्यावरच इतकं पडतं की दरवाजांकडे बोट दाखवून पूर समजत नाही.

अलमट्टीबद्दल २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचं मुख्य कारण अलमट्टीला मानलेलं नाही. धरणाची पातळी ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा विषय त्यानंतरही पेटलेला आहे आणि आपल्या लोकांची भीती मला समजते. धरणामुळे मागं साचणाऱ्या पाण्याचा फुगवटा कुठपर्यंत येतो हे ठरवायला नृसिंहवाडी ते हिप्परगी बंधाऱ्यापर्यंत नदीचे मोजलेले आडवे छेद, पूल, रस्त्यांचे भराव आणि हिप्परगीच्या दरवाजांच्या नोंदी लागतात. मोफत उंची-नकाशावर हे करू नका. एसआरटीएममध्ये काही मीटरची चूक सहज असते, आणि उभ्या उसाचा शेंडाच काही ठिकाणी जमीन म्हणून मोजला गेलेला असू शकतो. शिरोळच्या सपाटीवर दोन मीटरची चूक म्हणजे गावं कोरडी का बुडालेली एवढा फरक.

कुंभीकाठ

शिरोली_फाटा, तुमच्या नुकसानीची कल्पना आहे. पुरासाठी माझ्याकडे एक मर्यादित पण कामाची गोष्ट आहे. सेंटिनेल-१ रडारनं बघतो, त्याला ढगांची अडचण नाही. शांत पाणी त्यात काळं दिसतं. २०१९ आणि २०२१ ची चित्रं काढून त्या-त्या दिवशी पाणी कुठपर्यंत होतं याचा नकाशा या धाग्यावर देईन. दोन मर्यादा लक्षात ठेवा. एक उपग्रह त्याच वाटेनं बारा दिवसांनी येतो, त्यामुळे पाण्याचा उच्चांक चित्रात असेलच असं नाही. आणि उसाचे शेंडे वर असले तर खालचं पाणी या रडारला नीट दिसत नाही. इस्रो आणि नासानं ३० जुलै २०२५ रोजी सोडलेल्या निसार या रडार उपग्रहाची एल-बँडची लहर जास्त लांब आहे, ती पिकातून आत जाते. आपल्यासारख्या उसाच्या पट्ट्यात मला तिच्याकडून फार आशा आहे.

तुमच्या दुकानाच्या भिंतीवर दोन्ही पुरांच्या खुणा असतील, तर जमिनीपासून त्यांची उंची मोजून ठेवा. कुठल्याही पूर-मॉडेलला असा पुरावा सोन्यासारखा.

शिरोली_फाटा

खुणा आहेत. रंग देताना तेवढी जागा सोडली होती. मोजून टाकतो.

सड्यावरची

मुलांकडून झऱ्याची धार मोजून घ्यायची तर कशी? आणि किती दिवसांनी? साधं सांगा, साहित्य काही नाही आमच्याकडे.

काळाकातळ

बाई, बादली आणि घड्याळ एवढंच लागतं. बादली किती लिटरची ते आधी बाटलीनं मोजून घ्या. धार एका पन्हळीतून किंवा अर्ध्या पाईपातून बादलीत येईल असं करा, किती सेकंदांत भरली ते तीनदा बघा आणि मधला आकडा लिहा. दर आठवड्याला त्याच वारी, सकाळी. ऑक्टोबर ते जून. सोबत दहावीच्या मुलांना लिटर भागिले सेकंद करायला लावा. धार कशी उतरते त्या वक्ररेषेवरून सड्यात पाणी किती टिकतं हे मी काढून देईन.

विहिरीवाल्यांसाठीही लिहितो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. खोऱ्याच्या मॉडेलला ते कमी पडतं, कारण बरगे घातल्यावरचा चढ आणि उपसाबंदीतला उतार दोन मोजण्यांच्या मध्येच होऊन जातो. तुम्ही पंधरा दिवसांनी मोजा. कठड्यावर एक जागा ठरवून तेलरंगाची खूण करा, टेप नेहमी तिथूनच सोडा. मोटर चालू व्हायच्या आधी, पहाटे मोजा, म्हणजे विहीर रात्रभरात स्थिरावलेली असते. शेजारच्या मोटरी चालू होत्या का तेही लिहा. कठडा जमिनीपासून किती उंच आहे हे एकदाच मोजून ठेवा.

मळीरान

आमच्या विहिरी मोजायला तयार आहे. पण खूण समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे ते आम्हाला कसं कळणार? सपाट रान आहे, पाणी कुणाकडून कुणाकडं जातंय ते त्याशिवाय कळायचं नाही.

कुंभीकाठ

त्यासाठी मी येतो. अचूक जीपीएस भाड्यानं मिळतो, त्यानं एका दिवसात पट्ट्यातल्या बऱ्याच विहिरींच्या खुणा सेंटिमीटरच्या अचूकतेनं मोजून होतात. ऊस तुटून रानं मोकळी झाली की शिरोळपासून सुरुवात करू. कुणाकुणाच्या विहिरी घ्यायच्या ती यादी तोपर्यंत तयार ठेवा. फक्त नदीकाठच्या नकोत. नदीपासून लांब जात एका ओळीत येतील अशा निवडा.

पाटकरी

आमच्या जॅकवेलपाशीही एक खूण मोजून द्या. नदीची पातळी तिथं रोज बघतोच, आता लिहूनही ठेवतो.